मुलाच्या डायरीतील शेरे वाचून हसावे की रागवावे?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे समजून घेण्यात माझी काही चूक झाली असेल तर तुम्हाला ती दाखवता येईल. तुमचा मुलगा तिसरीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्याच्या डायरीत १४ शेरे आले आहेत. ‘सतत बोलतो’, ‘जागेवर बसत नाही’, ‘प्रार्थनेच्या वेळी हसला’, ‘शेजारच्या मुलाच्या डब्यातील शेंगाचटणी न विचारता संपवली’ आणि घरात सर्वांत गाजलेला शेरा म्हणजे ‘मॅडमना “थांब की बे” असे म्हणाला’. हे शेरे तुम्ही रात्री जेवताना मोठ्याने वाचता, आजीसकट सगळे पोट धरून हसतात, आणि जेवणे झाल्यावर त्याची आई त्याला रागावून टीव्ही बंद करते. ‘बे’चा प्रसंग तुम्ही त्याच्याकडून पुन्हा करवून घेतला आणि त्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मागच्या आठवड्यात मात्र मॅडमनी त्याला पूर्ण तासभर वर्गाबाहेर उभे केले आणि येत्या शनिवारी तुम्हाला भेटायला बोलावले आहे. हे सगळे हसण्यावारी न्यावे, घरी कडक शिक्षा करावी, की शाळाच बदलावी, असे तुम्ही विचारले आहे.

सोलापुरात प्राथमिक वर्गांना मी २९ वर्षे शिकवले. त्यांतली शेवटची सात वर्षे मुख्याध्यापिका होते. अशा भेटींत मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे, कारण माझी स्वतःची दोन मुलेही शाळेत गेली. या अनुभवावरून मला वाटते की तुमच्यापुढे असलेली खरी अडचण मुलाच्या खोडकरपणाची नाही. आठ वर्षांचा मुलगा बोलतो, उठतो, नको तिथे हसतो. हे त्याच्या वयाला धरूनच आहे. अडचण अशी आहे की त्याच्या एकाच कृतीला तीन उत्तरे मिळत आहेत. शाळेत राग, जेवणाच्या ताटावर हशा आणि हात धुतल्यावर शिक्षा. आपले नेमके काय चुकले आणि उद्या काय वेगळे करायचे, हे कळायला त्याला कोणीच वाट ठेवलेली नाही.

तुमच्या लिहिण्यात ओघात एक गोष्ट आली आहे आणि तिचे मोल कदाचित तुमच्या लक्षात आले नसेल. शेरा आला की तो स्वतःच डायरी उघडून तुमच्यासमोर आणून ठेवतो. १४ शेरे आले आणि चौदाही वेळा त्याने स्वतः दाखवले. माझ्या वर्गात पाचवीत एक मुलगी होती. एकदा तिची डायरी मला विनाकारण जाड लागली. पाहिले तर दोन पाने भाताच्या शितांनी चिकटवलेली होती. पान खिडकीच्या उजेडात धरल्यावर आतला माझाच लाल शाईतला शेरा उलटा उमटून दिसला. तो शेरा घरी गेला असता तर तिला मार पडला असता, म्हणून तिने मधल्या सुट्टीत डब्यातल्या भाताने तो बंद करून टाकला होता. दहा वर्षांच्या मुलीने शीत न् शीत किती काळजीपूर्वक लावले होते, ते आठवले की आजही मला वाईट वाटते. तुमचा मुलगा असे करत नाही, कारण वडील हसतात हे त्याला माहीत आहे. म्हणून तुमच्या हसण्याला मी सरसकट चूक म्हणणार नाही. त्या हसण्यामुळेच तो तुमच्याशी खरे बोलतो आहे, आणि पुढे सातवी-आठवीत याच खरेपणाची तुम्हाला सर्वांत जास्त गरज पडणार आहे.

तरीही त्याच्यासमोर सर्वांनी मिळून हसणे मात्र आजपासून थांबवा. मुलाला एकट्याला जवळ घेऊन ऐकताना तुमच्या चेहऱ्यावर हसू आले तर काही बिघडत नाही. पण सहा माणसांसमोर त्याचा शेरा वाचला गेला की तो वाचनाचा कार्यक्रम होतो आणि त्याचा नायक हा मुलगा असतो. नायकाला पुढचा प्रयोग करावासा वाटणारच. व्हिडिओचा परिणाम तर याहून लांब जातो. तो पाहिलेले मामा आणि आत्या त्याला लग्नात भेटतील, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत भेटतील आणि भेटल्या भेटल्या ‘काय रे, मॅडमला बे म्हणालास म्हणे’ असेच विचारतील. मूल बदलत असते, पण नातेवाइकांच्या तोंडी असलेली त्याची ओळख वर्षानुवर्षे तशीच राहते. तो व्हिडिओ काढून टाका आणि काढून टाकल्याचे मुलाला सांगा. तुम्ही दोघे नवरा-बायको तो झोपल्यावर मनसोक्त हसा. मीही अनेक रात्री हसले आहे.

त्याच्या आईचा राग मला समजतो. चारचौघांत आपल्या मुलाचे नाव वाईट निघू नये, ही काळजी त्यामागे आहे, आणि हसणाऱ्या घरात कोणीतरी गंभीर व्हायला हवे म्हणून ते ओझे त्या एकट्या उचलत आहेत. पण ज्या चुकीची शिक्षा सकाळी साडेअकराला शाळेत होऊन गेली, त्याच चुकीसाठी रात्री नऊला टीव्ही बंद होणे ही शिक्षेची दुसरी फेरी आहे. नऊ-दहा तासांनी आलेल्या शिक्षेचा संबंध आठ वर्षांचे मूल आपल्या कृतीशी जोडत नाही. ते तो संबंध डायरीशी जोडते, आणि मग भाताच्या शितांची आठवण होते. शाळेत जे घडले त्याची शिक्षा शाळेत संपली पाहिजे, या मताची मी आहे आणि इतक्या वर्षांत ते बदलावे असे मला कधी वाटले नाही. घराचे काम शिक्षा झाल्यानंतर सुरू होते. काय झाले ते ऐकून घेणे, ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करायला लावणे आणि पुढच्या वेळी काय करायचे ते शिकवणे, हे ते काम. शेंगाचटणी संपवली ना? मग दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात दुप्पट चटणी द्या आणि निम्मी त्या मित्राला द्यायला सांगा. डब्यात चटणी भरायला त्यालाच बसवा. हे त्याला अपमानकारक वाटणार नाही आणि विसरलेही जाणार नाही.

आता ‘बे’विषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हा शब्द आपल्या गावाचा आहे आणि बाहेरून आलेल्या शिक्षकांना तो ऐकताच उद्धटपणा वाटतो. सोलापुरात ‘काय बे’, ‘ये की बे’ हे मित्रामित्रांत, भावाभावांत, दुकानात दिवसभर चालते आणि त्यात शिवीचा भाव नसतो. तुमच्या मुलाने तो शब्द तुमच्याकडून उचलला, हे तुम्हीच मोकळेपणाने लिहिले आहे. त्याने शब्द उचलला. तो कोणापाशी वापरायचा नाही, ती मर्यादा मात्र त्याला कोणी शिकवली नाही. अशा वेळी शब्दावर बंदी घालून उपयोग होत नाही, कारण गल्लीत पाऊल टाकताच बंदी मोडते. तुमच्या घरात शिकवण्याची सोय आधीच आहे. आजी अक्कलकोटकडच्या असल्याने मुलगा त्यांच्याशी कानडीत बोलतो, असे तुम्ही लिहिले आहे. तो धाकट्या बहिणीला ‘बा’ (ये) म्हणत असेल आणि पाहुण्यांना ‘बर्री’ (या). हा फरक त्याला कोणी पाटीवर लिहून शिकवला नाही, तरी तो चुकत नाही. आजीशी कानडी, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी बोलणारे मूल माणूस पाहून भाषा बदलण्यात आपल्या मोठ्यांहूनही तरबेज असते. त्याला आजीच्याच तोंडून विचारू द्या की मॅडम या ‘बा’वाल्या की ‘बर्री’वाल्या. उत्तर तो स्वतःच देईल, आणि स्वतः दिलेले उत्तर त्याच्या लक्षात राहील. मग मॅडमना थांबवायचे असेल तर हात वर करून ‘मॅडम, थोडं थांबता का’ असे कसे म्हणायचे, याचा सराव दोन-तीन वेळा करून घ्या. सराव करताना मॅडम तुम्ही व्हा.

उरलेले बहुतेक शेरे बोलण्याचे आणि जागेवर न बसण्याचे आहेत. त्यांबाबत मी काय करते ते सांगते. तुम्ही शेऱ्यांबरोबर तारखा दिल्या, हे फार चांगले केले. मी त्या एका कागदावर वारांप्रमाणे मांडल्या. १४ पैकी ९ शेरे मंगळवारी किंवा शुक्रवारी आले आहेत. हे का, ते मला इथून सांगता येणार नाही. ते तुम्हाला शोधावे लागेल. त्या दिवशी खेळाचा तास नसेल, एखादा अवघड विषय मधल्या सुट्टीनंतर लागत असेल, कोणी ठरावीक मुलगा शेजारी बसत असेल, किंवा आदल्या रात्री घरात काही वेगळे घडत असेल.

आदल्या रात्रीचे मी उगीच म्हटले नाही. काही वर्षांपूर्वी चौथीतील एका मुलाची आई अशीच शेऱ्यांची डायरी घेऊन माझ्याकडे आली होती. मुलगा वर्गात कधी पेंगायचा, कधी भांडायचा, आणि कधी अगदी शहाण्यासारखा वागायचा; मॅडमना त्याचा अंदाजच येत नव्हता. मी तिला घरचे कॅलेंडर आणायला सांगितले. सोलापूरच्या पूर्व भागातील बहुतेक स्वयंपाकघरांत असते तसेच ते कॅलेंडर होते, आणि नळाला पाणी सुटण्याच्या दिवसांभोवती निळ्या पेनाने वर्तुळे केलेली होती. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि कधी कधी भलत्या वेळी येते, हे तुम्हाला सांगायला नको. शेऱ्यांच्या तारखा आम्ही लाल पेनाने त्याच कॅलेंडरवर लिहू लागलो, तेव्हा लाल खुणा निळ्या वर्तुळांना चिकटून पडत गेल्या. पाणी रात्री तीनला सुटायचे, घर उठायचे, मोटर लागायची आणि पाइप धरून पिंपे भरायला हा मुलगाही उभा राहायचा. त्या मुलाला शिस्तीची गरज नव्हती, झोपेची होती. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले, त्यामागेही मुलांच्या झोपेचाच विचार होता. त्या घराने पाइप धरण्याचे काम मोठ्या माणसांवर सोपवले आणि महिन्याभरात लाल खुणा विरळ झाल्या. तुमच्याकडे कारण हेच निघेल, असे मी म्हणत नाही. तारखा शेजारी शेजारी मांडल्याशिवाय कारण दिसत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: हसणे मुलाच्या पाठीमागे ठेवा, घरची दुसरी शिक्षा बंद करा, ‘बे’ची मर्यादा आजीच्या मदतीने शिकवा आणि शेऱ्यांचे वार व तास लिहायला लागा. आता शाळेकडे वळते.

वर्गाबाहेर उभे करण्याविषयी मी उघडपणे बोलते, कारण सुरुवातीच्या वर्षांत ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या वर्गात ५४ मुले होती आणि एक मुलगा सतत बोलायचा. मी त्याला बाहेर उभे केले की वर्ग लगेच शांत व्हायचा, त्यामुळे उपाय लागू पडतो असे मला वाटले. एके दिवशी गणित शिकवताना मी दाराशी गेले, तर हा मुलगा व्हरांड्याच्या कठड्याला हनुवटी टेकवून मैदानावरची कबड्डी तल्लीन होऊन पाहत होता. बाहेर उभे राहणे त्याला वर्गापेक्षा बरे वाटत होते, आणि म्हणून गणिताचा तास सुरू होताच त्याची बडबडही सुरू होत होती. दरम्यान आम्ही हातच्याची वजाबाकी शिकलो होतो, तो मात्र बाहेर होता. वजाबाकी येत नसल्याने गणितात त्याला काही कळेना; कळेना म्हणून तो शेजाऱ्याशी बोले, बोले म्हणून मी त्याला बाहेर काढे. हे चक्र मीच फिरवत होते. नंतर मी त्याला मधल्या सुट्टीत आठ दिवस दहा-दहा मिनिटे वजाबाकी शिकवली आणि वह्या वाटण्याचे काम त्याच्याकडे दिले, म्हणजे उठायला त्याला रीतसर कारण मिळाले. पुढे त्याला बाहेर काढण्याची वेळ आली नाही. तुमच्या मुलाचा बाहेरचा तास कोणत्या विषयाचा होता आणि त्या तासाला काय शिकवले गेले, हे म्हणूनच विचारून घ्या. तेवढा भाग घरी भरून काढा.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. तसे करणारी व्यक्ती सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरते. उठाबशा, अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे हे आमच्या पिढीने सहज पाहिलेले प्रकार आज शाळेत चालत नाहीत, आणि ते गेले हे फार चांगले झाले. शिवाय कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, त्यामुळे ‘नाव काढून टाकतील का’ ही तुमची भीती मनातून काढा. गोंधळलेल्या मुलाला दोन मिनिटे बाजूला घेऊन शांत करणे वेगळे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर त्याला तासभर ताटकळत ठेवणे वेगळे. दुसरी गोष्ट योग्य नाही, आणि शनिवारी तसे स्पष्ट पण शांतपणे म्हणा.

मात्र भेटीची सुरुवात कलमांनी करू नका. त्याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या ६० मुलांमागे २ शिक्षक अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात किती वर्गांत एकाच शिक्षिकेसमोर पन्नासच्या आसपास मुले बसतात, ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी, फळा, वह्या आणि पन्नास तोंडे सांभाळताना जी शिक्षिका वेळ काढून तुमच्या मुलाच्या डायरीत एक ओळ लिहिते, ती तुमची मदत मागत असते. १४ वेळा मदत मागूनही घरून एकही उत्तर गेले नाही, फक्त सही गेली, हे त्यांच्या जागी बसून पाहा. म्हणून आधी उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करा, मग तारखांचा कागद पुढे ठेवा आणि विचारा की हे कोणत्या तासाला होते, त्याच्या शेजारी कोण बसते आणि बडबड सुरू होण्याच्या अगदी आधी वर्गात काय चाललेले असते. या तीन प्रश्नांनी बोलणे तक्रारीवरून शोधाकडे वळते, हे मी असंख्य वेळा अनुभवले आहे. यापुढे प्रत्येक शेऱ्याखाली सहीबरोबर एक ओळ लिहीन, असे त्यांना सांगा. ‘आज त्याच्याशी बोललो. उद्या तो आपली क्षमा मागेल’ एवढे पुरते. आठवड्यातून एकदा चांगल्या वागण्याचीही एखादी ओळ लिहाल का, अशी विनंती करा. मी दर शुक्रवारी पाच-सहा डायऱ्यांत हिरव्या शाईने अशी ओळ लिहीत असे, आणि ती घरी दाखवायला मुले धावत जात.

शाळा बदलण्याचा विचार आत्ता करू नये असे मला वाटते. बोलण्याची सवय नव्या शाळेतही त्याच्याबरोबर जाईल आणि मित्र मात्र मागे राहतील. पण हे मत परिस्थितीवर अवलंबून आहे. रविवारी रात्री त्याचे पोट दुखू लागले, शाळेचे नाव काढताच तो गप्प होऊ लागला, कोणी हात उगारला, किंवा सांगूनही बाहेर उभे करणे चालूच राहिले, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. दाद लागली नाही तर शिक्षणाधिकारी कार्यालय आहे, आणि मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. त्याचप्रमाणे एकदा त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचे न दिसणारे मूल शेजाऱ्याला विचारते आणि ते विचारणे बडबड म्हणून मोजले जाते. चंचलता घरी, शाळेत आणि खेळातही सारखीच असेल, आणि ती सहा महिन्यांहून अधिक टिकून असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एकाच ठिकाणी, ठरावीक वारी होणाऱ्या बडबडीला लगेच आजाराचे नाव देण्याची गरज नाही.

शनिवारी मॅडमशी काय बोलणार, ते शुक्रवारी रात्रीच मुलाला सांगून ठेवा. आपल्यामागे काय ठरले, हे त्याला अचानक कळू नये. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शेऱ्यांच्या तारखा आणि तास लिहीत राहा आणि मग मला पुन्हा कळवा. मंगळवार आणि शुक्रवारचे कारण काय निघाले, हे जाणून घ्यायची मला मनापासून इच्छा आहे.